खोल दोर आणि कुपा : चालत्या नौकेमागील गळमासेमारीचा इतिहास आणि कोकण किनारा

प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील कोन हे गाव समुद्रकाठी वसलेले नाही. ते पनवेलहून पुण्याकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर आहे. तथापि या परिसराचे आर्थिक व सामाजिक जीवन पनवेलच्या खाडीशी दीर्घकाळ निगडित राहिले. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यानंतर आणि लोहमार्ग येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याकडे जाणारा प्रवासी होडीने पनवेलला उतरत असे. आगरी व कोळी समाजाची वस्ती असलेल्या या पट्ट्यात गळाने मासे पकडण्यास ‘गरवणे’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. खाडीतील जिताडा गरवणाऱ्या माणसाला आपण ‘क्रीडामासेमारी’ करीत आहोत असे वाटत नाही. तो कधी उपजीविकेसाठी, कधी घरच्या कालवणासाठी, तर कधी निव्वळ हौसेसाठी गरवतो.

याच मासळीबाजारात कधीमधी कुपा किंवा गेदर विक्रीस येतो. पापलेट आणि सुरमई यांच्या तुलनेत त्याला मान कमी. मात्र ज्या ट्यूना कुळातील हे मासे आहेत, त्याच कुळातील मोठ्या माशांसाठी गेली सव्वाशे वर्षे जगभरातील धनिक खोल समुद्रात नौका नेत आहेत. चालत्या नौकेमागे गळ ओढत नेण्याची त्यांची पद्धत ‘ट्रोलिंग’ या नावाने ओळखली जाते. समुद्रतळावरून मोठे जाळे ओढण्याच्या ‘ट्रॉलिंग’शी तिचा नामसादृश्यापलीकडे संबंध नाही. ट्रोलिंगमध्ये एक दोर, एक गळ आणि शक्यतो एकच मासा असतो. गळ पृष्ठभागाखाली बऱ्याच खोलीवर चालवण्याचे तंत्र हा या पद्धतीचा एक विशेष प्रकार होय. या खोल दोराचा इतिहास पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

उद्दिष्टे आणि मर्यादा

खोल दोराच्या तंत्राचा विकास समजून घेणे, त्या तंत्राचे उगमस्थान क्रीडेत आहे की उपजीविकेत हे तपासणे आणि कोकण किनाऱ्यावर हे तंत्र गौण का राहिले याची मीमांसा करणे, ही प्रस्तुत लेखनाची तीन उद्दिष्टे आहेत. वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मत्स्यशास्त्रीय तपशील इतिहासाच्या आकलनास आवश्यक तेवढेच घेतले आहेत.

१. क्रीडा म्हणून गळ : दख्खनमधील जुना पुरावा

गळाने मासे पकडणे हा करमणुकीचा प्रकार पाश्चात्त्यांनी रूढ केला, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून घेणे आवश्यक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकींचे, विस्तृत वर्णन आहे. त्यात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण येते. समुद्रातील व नद्यांतील माशांचे प्रकार, त्यांना द्यावयाचे आमिष, दोर आणि गळ यांची माहिती या प्रकरणात दिली आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ‘मानसोल्लास’ प्रसिद्ध झाला. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

इंग्रजीतील गळमासेमारीवरील पहिला छापील प्रबंध १४९६ चा आणि आयझॅक वॉल्टनचा सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. सोमेश्वराचा ग्रंथ त्यापूर्वी कित्येक शतके रचला गेला. ‘आम्ही आधी’ असा अभिमान मिरवण्यासाठी ही तुलना केलेली नाही. यातील महत्त्वाची बाब वेगळी आहे. कोणत्या माशाला कोणते आमिष चालते हे ज्ञान राजवाड्यात निर्माण होत नाही. ते पाण्यावर रोज काम करणाऱ्यांकडूनच आलेले असले पाहिजे. तथापि ग्रंथावर नाव राजाचे आहे. उपजीविकेतून जमलेले ज्ञान आणि क्रीडेच्या नावाने झालेली त्याची नोंद, हा संबंध आधुनिक काळातही पुन्हा आढळतो.

२. कॅटालिना बेट, १८९८

आधुनिक ट्यूना क्रीडामासेमारीचा आरंभ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील सांता कॅटालिना बेटावर झाला, असे मानले जाते. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर याने १८९८ मध्ये तेथे १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोचा, ट्यूना काठी व रिळाच्या साहाय्याने पकडला. त्याच वर्षी अ‍ॅव्हलॉन येथे ‘ट्यूना क्लब’ स्थापन झाला. काठी कशी असावी आणि दोर किती जाड असावा याचे नियम क्लबने केले. माशाला सुटण्याची न्याय्य संधी मिळावी आणि अकारण संहार थांबावा, हा त्यामागील हेतू होता. निसर्गसंरक्षणाच्या दृष्टीने तो हेतू स्तुत्यच म्हणावा लागेल.

परंतु या नियमांचा एक परिणाम सहसा नोंदवला जात नाही. जाड हातदोराने मासा ओढणे हे ‘अक्रीडात्मक’ ठरले. वास्तविक कॅटालिनाच्या पाण्यात त्यापूर्वी हातदोरच चालत असे आणि होल्डरसारख्यांच्या नौका चालवणारे नावाडीही त्याच परंपरेत वाढलेले होते. ज्यांच्याकडून मासा कोठे मिळतो हे कळले, त्यांचीच पद्धत नियमबाह्य ठरली. १९३९ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडामासेमारी संघटना स्थापन झाली आणि विक्रमांच्या नोंदीसाठी जागतिक नियम तयार झाले. हातदोराने पकडलेल्या माशाची विक्रमात गणना होत नाही. धातूच्या तारेचा दोरही विक्रमासाठी निषिद्ध आहे. तार वजनामुळे खोल जाते, हे येथे ध्यानात घ्यावे.

३. खोलीचा प्रश्न

ट्यूना पकडताना खोलीचा प्रश्न का उद्भवतो, हे समजण्यासाठी या माशाचे शरीर समजून घ्यावे लागते. बहुतेक माशांचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असते. ट्यूनाचे तसे नाही. जॉन डेव्ही या वैद्यकतज्ज्ञाने १८३५ मध्ये ट्यूनाचे शरीर समुद्राच्या पाण्यापेक्षा उष्ण असल्याचे नोंदवले. स्नायूंत निर्माण होणारी उष्णता रक्तवाहिन्यांच्या विशिष्ट रचनेमुळे शरीरातच टिकते. म्हणूनच हा मासा अतिशय वेगाने आणि सतत पोहू शकतो. वेगवान भक्ष्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभाव असल्याने संथ आमिषाकडे तो सहसा दुर्लक्ष करतो.

येथे मच्छीमारासमोर पेच उभा राहतो. आमिष वेगाने न्यावे, तर पाण्याच्या ओढीने दोर वर येतो. दोर खोल ठेवावा, तर नौका सावकाश चालवावी लागते. दोराला शिसे बांधणे हा सर्वांत जुना उपाय. पण नौकेचा वेग वाढला की शिसेही वर उचलले जाते. वेग आणि खोली यांचा हा विरोध शिशाचे वजन वाढवून पूर्णपणे सुटत नाही. काही क्रीडामच्छीमारांनी हा पेच सोडवण्याऐवजी टाळला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅटालिनाच्या जॉर्ज फार्न्सवर्थ याने पतंगाच्या साहाय्याने आमिष नौकेपासून दूर, पृष्ठभागावरच खेळते ठेवण्याची युक्ती काढली. ट्यूना वर आलेला असेल तेव्हा ती उपयोगी पडे. तो खाली असेल तेव्हा तिचा उपयोग नव्हता.

४. पाटीचे तत्त्व

या प्रश्नाचे परिणामकारक उत्तर म्हणजे तिरकी पाटी, अर्थात प्लेनर. पाण्यात तिरक्या कोनात ओढल्या जाणाऱ्या फळीवर पाण्याचा दाब पडतो आणि ती खाली जाते. वेग वाढला की दाबही वाढतो. म्हणजे जो वेग शिशाला वर उचलतो, तोच वेग पाटीला खाली दाबतो. मासा गळाला लागून दोराला झटका बसला की पाटीच्या तारेवरील कडी सरकते, पाटी कलंडते आणि तिचा खालचा ओढा नाहीसा होतो. त्यानंतर मासा ओढून घेणे सुकर होते.

या तत्त्वाची वंशावळ उद्बोधक आहे. स्कॉटलंड व आयर्लंडमधील तळ्यांत ‘ऑटर’ नावाची फळी वापरली जात असे. काठावरून दोरीने ओढली की ती पाण्यात बाजूला सरकत जाई आणि तिच्या दोरावरील अनेक गळ एकाच वेळी पाण्यात फिरत. चोरून मासे मारणाऱ्यांचे साधन म्हणून ती कुप्रसिद्ध झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच तत्त्वावरील फळ्या ट्रॉलच्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवण्यासाठी वापरात आल्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने सुरुंगांचे दोर कापण्यासाठी ‘पॅराव्हेन’ हे पाण्याखाली ओढावयाचे उपकरण वापरले, तेही पाण्याच्या दाबावरच चालत असे. जपानच्या व्यावसायिक मच्छीमारांतही ट्यूना कुळातील माशांसाठी बुडत्या फळ्यांचा वापर रूढ होता.

‘डाऊनरिगर’ हे खोल दोराचे दुसरे साधन. यात जड गोळा स्वतंत्र तारेने खाली सोडतात आणि गळाचा दोर त्या तारेला चिमट्याने अडकवतात. मासा लागला की दोर चिमट्यातून सुटतो. मिशिगन राज्याने १९६६ मध्ये महासरोवरांत कोहो सॅमन सोडल्यानंतर क्रीडामच्छीमारांत या साधनाचा मोठा प्रसार झाला.

या क्रमावरून एक बाब स्पष्ट होते. शिसे, हातदोर आणि पाटी ही खोलीची मूळ साधने क्रीडेच्या क्लबांतून आलेली नाहीत. ती कष्टकऱ्यांच्या, प्रसंगी कायदा मोडणाऱ्यांच्या आणि युद्धाच्या गरजांतून आली. क्रीडेने ती स्वीकारली, सुधारली आणि आपल्या नोंदवहीत लिहिली. खोल दोर हा क्रीडा व उपजीविका यांच्या सीमेवरचा दोर आहे.

५. कोकण किनाऱ्यावर हे तंत्र गौण का राहिले ?

अरबी समुद्रात ट्यूना विपुल आहे. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर जिवंत आमिष टाकून काठीने ट्यूना पकडण्याची परंपरा जुनी असून तेथील सुका ‘मास’ प्रसिद्ध आहे. चालत्या होडीमागे गळ ओढण्याची रीतही त्या बेटांवर आहे. मग मुंबई–रायगडच्या कुशल कोळी समाजात ती प्रमुख का झाली नाही ?

याचे पहिले कारण भौगोलिक आहे. मुंबईसमोर उथळ खंडमंच सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो आणि केरळच्या किनाऱ्यावर पुष्कळच कमी भरतो. लक्षद्वीपची बेटे तर खोल पाण्यातूनच वर आलेली आहेत. तेथे होडी थोडी पुढे नेली की महासागर लागतो. मुंबईच्या कोळ्याला मोठ्या ट्यूनाच्या पाण्यापर्यंत पोहोचण्यास कित्येक तासांचा, शिडाच्या काळात त्याहून अधिक प्रवास करावा लागे. उलट उथळ, गाळयुक्त व भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहाच्या पाण्यात डोल जाळ्याने बोंबील, जवळा आणि करंदी विपुल मिळत. १८८२ च्या ठाणे आणि १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधील मासेमारीच्या वर्णनात जाळ्यांना मोठे स्थान आहे, ते या परिस्थितीशी सुसंगत आहे.

दुसरे कारण शासकीय धोरणाचे आहे. खोल समुद्रातील मासेमारीचा शोध सरकारने प्रामुख्याने मोठ्या जहाजांद्वारे घेतला. मुंबई सरकारने १९२१–२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरद्वारे प्रयोग केला. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्र मासेमारी केंद्र स्थापन झाले. त्याचेच रूपांतर पुढे १९८३ मध्ये भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षण या संस्थेत झाले. या संस्थेने लांब दोराच्या गळांनी ट्यूनाचे सर्वेक्षण केले. परंतु लहान होडीवाल्याच्या हातातील एका दोराचा विचार या प्रवाहात दुय्यम राहिला. परिणामी महाराष्ट्रात कुपा व गेदर मुख्यतः तरत्या जाळ्यांत आणि पर्ससीनमध्ये सापडतात, गळाला क्वचितच.

तिसरे कारण समुद्राच्या रचनेत आहे. अरबी समुद्रात पृष्ठभागाखाली साधारण शंभर-दीडशे मीटरपासून पुढे प्राणवायूचे प्रमाण अतिशय कमी असलेला जाड थर आहे. ट्यूनाला प्राणवायूची गरज मोठी असल्याने तो या थरात फार काळ राहू शकत नाही. त्यामुळे येथे ‘खोल’ या शब्दाचा अर्थ मर्यादित होतो. दुसऱ्या महासागरातील खोलीचे कोष्टक येथे जसेच्या तसे लागू करणे योग्य होणार नाही. कोणत्या हंगामात दोर किती खोल सोडावा, हे स्थानिक अनुभवानेच ठरवावे लागते.

६. आजचा संदर्भ

अंदमानात आणि गोव्यात पर्यटकांसाठी क्रीडामासेमारीच्या फेऱ्या चालतात. सिंधुदुर्गात मालवण–तारकर्ली परिसरात पाण्याखालील पर्यटनाने मच्छीमार कुटुंबांना उत्पन्नाचा नवा मार्ग दिला आहे. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटरवर, खंडमंचाच्या कडेला असलेला आंग्रिया बँक हा पाण्याखालील उंचवटा संशोधकांच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणाऱ्या या जागी उद्या क्रीडामासेमारीच्या नौका पोहोचल्या, तर त्या नौकांवर कोकणातील कोळी कोणत्या भूमिकेत असेल, हा प्रश्न आजच विचारणे आवश्यक आहे. तो केवळ सुकाणू धरणारा नोकर असेल, की पाण्याचा जाणकार म्हणून त्याचे नाव व मत नोंदले जाईल ? मासा सोडून द्यावा की ठेवावा, किती ठेवावे, कोणत्या हंगामात जाऊ नये, हे नियम त्याच्या सहभागाने होतील की त्याला वगळून ?

निष्कर्ष

(१) गळमासेमारीची क्रीडा म्हणून नोंद दख्खनमध्ये बाराव्या शतकात झालेली आहे. ती केवळ पाश्चात्त्य देणगी मानता येत नाही.

(२) खोल दोराच्या तंत्राची मूळ साधने उपजीविकेतून आली. क्रीडेच्या नियमांनी त्यांतील काही स्वीकारली, काही निषिद्ध ठरवली आणि मूळ ज्ञानधारकांची नावे मात्र मागे पडली.

(३) कोकणात हे तंत्र गौण राहिले ते कौशल्याच्या अभावी नव्हे. विस्तृत खंडमंच, उथळ पाण्यातील मुबलक मासळी, समुद्राची रचना आणि जहाजकेंद्री धोरण ही त्याची कारणे होत.

(४) नवा व्यवसाय येण्यापूर्वी जुन्या ज्ञानाची नोंद होणे निकडीचे आहे.

शेवटच्या मुद्द्याबाबत महाविद्यालये प्रत्यक्ष काही करू शकतात. आपल्या वर्गांत उरण, करंजा, अलिबाग, रेवदंडा या भागांतील मच्छीमार घरांतून आलेले विद्यार्थी बसतात. त्यांच्या आजोबांना गळाचे, दोराचे, वाऱ्याचे आणि पाण्याच्या रंगाचे जे शब्द ठाऊक आहेत, त्यांतील कित्येक छापील कोशात सापडणार नाहीत. इतिहास विभागाने मौखिक नोंदी घ्याव्यात, मराठी विभागाने शब्दसंग्रह करावा आणि प्राणिशास्त्र विभागाने माशांची ओळख निश्चित करावी. असा आंतरविद्याशाखीय प्रकल्प फारशा खर्चाशिवाय होऊ शकतो. सोमेश्वराच्या ग्रंथात ज्यांचे ज्ञान राहिले पण नावे राहिली नाहीत, त्यांच्या आजच्या वारसांच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये, एवढीच अपेक्षा.