रबरी पाइप आणि उष्णता: पावणेदोनशे वर्षांचं भांडण

आजचा एपिसोड एका रबरी पाइपवर आहे. हसू नका, ऐका.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबांची जुनी पेट्रोल गाडी घेऊन चिपळूणला निघालो होतो. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचं पेडल अचानक दगडासारखं कडक झालं. "गिअर खाली टाक, दोन्ही पायांनी दाब!" बाबा ओरडले. गाडी थांबली, पण घाम फुटला. चिपळूणच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून बोटाएवढा पाइप वाकवला, तर तो कुरडईसारखा मोडला. क्लिप कधीतरी तुटली होती आणि पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकून बसला होता. तो म्हणाला, "जुना झाला म्हणून नाही गेला साहेब, शिजला."

हा 'शिजला' शब्द डोक्यातून जाईना. म्हणून इतिहास शोधायला बसलो.

सुरुवात होते अमेरिकेत, चार्ल्स गुडइयरपासून. त्या काळातलं कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत ठिसूळ. गुडइयर कर्जात बुडाला, तुरुंगात गेला, पण नाद सोडला नाही. 1839 मध्ये गंधक मिसळलेलं रबर गरम शेगडीवर पडलं आणि वितळण्याऐवजी ते लवचिक राहिलं, अशी गोष्ट सांगतात. 1844 मध्ये त्याला पेटंट मिळालं. गंधक रबराच्या लांब साखळ्यांमध्ये पूल बांधतं, हे त्यामागचं रसायनशास्त्र. गुडइयर 1860 मध्ये वारला, तेव्हाही डोक्यावर कर्ज होतं. आज त्याच्या नावाने जी टायर कंपनी आहे, ती 1898 ची. तिचा त्याच्याशी संबंध फक्त नावापुरता.

आता गंमत बघा. ज्या उष्णतेने रबर घडवलं, तीच पुढे त्याला मारते. इंजिनजवळ वर्षानुवर्षं तापताना, हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने, अनेक रबरांत हे पूल वाढतच जातात. मग पाइप कडक होतो आणि चिरतो. ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं.

पण गाडीत व्हॅक्यूमचा पाइप आला कशाला? पेट्रोल इंजिन हवा आत ओढतं, तेव्हा थ्रॉटलच्या मागे पोकळी तयार होते. ही फुकटातली ताकद. जुन्या गाड्यांचे वायपर तिच्यावर चालायचे. चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की पोकळी कमी व्हायची आणि ऐन पावसात वायपर मंदावायचे! 1920 च्या दशकात बेल्जियमच्या अल्बर्ट दवांद्रने हीच ताकद ब्रेकच्या मदतीला आणली. आपल्या ब्रेक बूस्टरचे पूर्वज ते.

खरा गुंता झाला 1970 च्या अमेरिकन स्वच्छ हवा कायद्यानंतर. धूर कमी करायचा, पण इलेक्ट्रॉनिक्स अजून बाळबोध. मग अनेक झडपे व्हॅक्यूमवर चालवले आणि बॉनेटखाली पाइपांचं जाळं पसरलं. कुठला पाइप कुठे जातो, याच्या नकाशाचं स्टिकर बॉनेटखाली लावायची वेळ आली. त्यात 1975 पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, म्हणजे आणखी एक तापणारी वस्तू.

आपल्याकडे 1983 मध्ये आलेली मारुती 800 कार्ब्युरेटरची होती. 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, फ्युएल इंजेक्शन आलं आणि बरेच छोटे पाइप गेले. ब्रेक बूस्टरचा मात्र राहिला. डिझेल गाडीत थ्रॉटलची अशी पोकळी मिळत नाही, म्हणून तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पण पाइप आहेच.

मधल्या काळात रबरही बदललं. 1930 च्या दशकात निओप्रीन आलं, 1940 च्या दशकात सिलिकॉन, 1960 च्या दशकात ईपीडीएम. सिलिकॉन साधारण 200 अंश सहन करतं, पण पेट्रोलने फुगतं. शिवाय पातळ असेल तर पोकळीने आतल्या आत चपटं होतं. म्हणून 'महागडा पाइप टाकला, काम झालं' असं नसतं.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे अंतर. पाइप गरम भागापासून लांब आणि क्लिपमध्ये घट्ट हवा. जागाच नसेल तर अॅल्युमिनियमचा थर असलेली फायबरग्लासची बाही घाला. ती फेकली जाणारी उष्णता परतवते, पण पाइप मॅनिफोल्डला टेकलेलाच असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. आणि सर्व्हिसिंगनंतर, इंजिन गार असताना, पाइप बोटांनी दाबून बघा. कडक लागला, चिरा दिसल्या तर बदला.

ब्रेकची परीक्षा तर एका मिनिटाची आहे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेली, इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. नाही गेलं, तर घाटात जाऊ नका, गॅरेजमध्ये जा.

बाबा आता प्रत्येक प्रवासाआधी हे करतात. मी गाडीत बसेपर्यंत त्यांचं झालेलं असतं. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर ती चालवणाऱ्याला हा एपिसोड नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!