पोटाच्या ऑपरेशननंतरच्या वेदना आणि टॅप ब्लॉक

पोटाचे ऑपरेशन झाल्यावर साधा खोकला आला तरी टाके ओढले जातात. त्यासाठी मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल अशी ओपिऑइड औषधे देतात. ती गुणकारी आहेत. पण मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठता होते आणि डोस जास्त झाल्यास श्वास मंदावतो.

ही औषधे कमी लागावीत म्हणून बुपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन हे जागा बधिर करणारे औषध वापरतात. कधी सर्जन ते जखमेच्या कडांत टोचतात. टॅप ब्लॉकमध्ये भूलतज्ज्ञ सोनोग्राफीवर पाहत ते पोटाच्या भिंतीतील सर्वांत आतल्या दोन स्नायूंच्या मध्ये सोडतात. पोटाच्या त्वचेकडे जाणाऱ्या नसा तिथूनच जातात. असर काही तास टिकतो.

मात्र याने चिऱ्याची वेदना कमी होते, आतल्या अवयवांची नाही. सिझेरियननंतर गर्भाशय आकुंचन पावताना येणारी कळ जाणवतेच. (पाठीतून दिलेल्या भुलेत मॉर्फिन असेल, तर टॅप ब्लॉकचा जादा फायदा फारसा होत नाही.) म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेले पॅरासिटामॉल ठरल्या वेळी घ्या, दुखू लागायची वाट पाहू नका. ब्लॉक बहुधा रात्रीच उतरतो!

ऑपरेशनआधी तुमचे वजन नीट मोजून सांगा, अंदाजाने नको; डोस त्यावर ठरतो. यकृताचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, औषधाची ॲलर्जी हेही सांगा. इंजेक्शननंतर ओठांभोवती मुंग्या आल्या, तोंडात धातूसारखी चव आली किंवा कानात आवाज येऊ लागला, तर लगेच नर्सला हाक मारा. औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असू शकते. त्यावर शिरेतून लिपिड इमल्शन देतात.