शेततळ्यात पाणी किती मावते? : परिमिती, क्षेत्रफळ, पृष्ठफळ आणि घनफळ यांचा जालन्यातील हिशेब

जालना - शाळेच्या गणितात ‘महत्त्वमापन’ हा धडा असतो. परीक्षा संपली की त्यातील सूत्रे बहुतेकांच्या विस्मरणात जातात. मात्र पाण्याची टंचाई वारंवार सोसणाऱ्या जालना जिल्ह्यात याच सूत्रांवर हजारो रुपयांचे व्यवहार होतात. शेततळ्याच्या खोदकामाची मजुरी घनमीटरवर ठरते, अस्तराचे प्लॅस्टिक चौरस मीटरवर आणि कुंपणाची तार मीटरवर. यातील एक माप चुकले तरी नुकसान खोदून घेणाऱ्याच्या पदरी पडते. त्यामुळे ही चार मापे नेमकी काय मोजतात, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

चार मापे, चार कामे

आकृतीच्या कडेची एकूण लांबी म्हणजे परिमिती; वर्तुळाच्या बाबतीत तिलाच परीघ म्हणतात. ती मीटरमध्ये मोजतात. आकृतीने व्यापलेली सपाट जागा म्हणजे क्षेत्रफळ. घनाकृती वस्तूच्या सर्व बाजूंच्या क्षेत्रफळांची बेरीज म्हणजे पृष्ठफळ. ही दोन्ही मापे चौरस मीटरमध्ये असतात. वस्तूने व्यापलेली किंवा तिच्या पोटात मावणारी जागा म्हणजे घनफळ. ते घनमीटरमध्ये मोजतात. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, एवढे लक्षात ठेवले की पाण्याचा निम्मा हिशेब सुटतो.

जमिनीच्या मापांत १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १०० आर म्हणजे १ हेक्टर. बोलण्यातला गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर भरतो. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो.

कडा तेवढीच, जागा कमी

परिमिती समान असली म्हणजे क्षेत्रफळही समान असते, हा सर्वाधिक आढळणारा गैरसमज आहे. १२० मीटर तारेत ३० मीटर बाजूचा चौरस बसतो आणि त्याचे क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर येते. त्याच तारेत ४० × २० मीटरचा आयत घेतला तर ८०० आणि ५० × १० मीटरचा घेतला तर अवघे ५०० चौरस मीटर हाती लागतात. खर्च तेवढाच, जागा जवळपास निम्मी. चिंचोळा भूखंड घेताना शहरातील ग्राहकानेही हे ध्यानात ठेवावे.

शेततळे म्हणजे खोका नव्हे

राज्य शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत सर्वांत मोठे तळे ३० × ३० × ३ मीटर आकारमानाचे होते. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव तर पाणलोट विकास, शेततळी आणि द्राक्षबागा यांसाठी राज्यभर परिचित आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे मार्गदर्शन या गावाला लाभले.

तीन आकड्यांचा थेट गुणाकार केला तर उत्तर २,७०० घनमीटर येते. पण हे उत्तर चुकीचे आहे. मातीच्या भिंती उभ्या ठेवल्या तर त्या ढासळतात, म्हणून तळ्याच्या बाजूंना उतार द्यावा लागतो. उतार एकास एक धरला, तर तीन मीटर खोलीवर प्रत्येक बाजू तीन मीटर आत येते आणि तळ २४ × २४ मीटरचा उरतो.

अशा आकाराचे अचूक घनफळ काढण्याची रीत भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ ग्रंथात, खोदकामाच्या गणितात दिली आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. त्यामुळे ही रीत आपल्याच परिसरातील म्हणावी लागेल. तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि तोंड व तळ यांच्या बाजूंची बेरीज करून येणारे क्षेत्रफळ, अशा तिन्हींची बेरीज करावी, तिला सहाने भागावे आणि खोलीने गुणावे.

आपल्या तळ्यासाठी तोंड ९००, तळ ५७६ आणि बेरजेचे क्षेत्रफळ ५४ × ५४ म्हणजे २,९१६. एकूण ४,३९२. सहाने भागल्यावर ७३२ आणि तीनने गुणल्यावर २,१९६ घनमीटर. म्हणजे तळे काठोकाठ भरले तर त्यात २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावते.

खोक्याच्या हिशेबाने आलेल्या २,७०० घनमीटरपेक्षा हे ५०४ घनमीटरने कमी आहे. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. खोदकामाचे बिल २,७०० घनमीटरचे लावले गेले, तर न काढलेल्या मातीचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात. उन्हाळ्यातील पाण्याचे नियोजनही तेवढ्यानेच कोलमडते. ज्या जिल्ह्याने २०१२-१३ चा दुष्काळ अनुभवला, तिथे पन्नास टँकरचा फरक किरकोळ मानता येणार नाही.

उतार अधिक सौम्य, म्हणजे दीडास एक ठेवला, तर तळ २१ × २१ मीटर होतो आणि साठा १,९७१ घनमीटरवर येतो. म्हणून करार करताना लांबी, रुंदी, खोली यांबरोबर उतारही लिहून घ्यावा.

अस्तर किती लागेल?

येथे पृष्ठफळ उपयोगी पडते. उताराची लांबी खोलीएवढी नसते, ती जास्त असते. पायथागोरसच्या प्रमेयानुसार ३ मीटर खोली आणि ३ मीटर आत येणे यांतून तिरकस उंची ४.२४ मीटर मिळते. प्रत्येक बाजू हा समलंब चौकोन आहे. समांतर बाजू ३० आणि २४ मीटर, त्यांची सरासरी २७, ती ४.२४ ने गुणल्यास सुमारे ११४.५ चौरस मीटर. चार बाजूंचे ४५८ आणि तळाचे ५७६ मिळून सुमारे १,०३४ चौरस मीटर.

पण कापड चौरस येते आणि कोपऱ्यांत दुमडावे लागते. २४ मीटर तळ अधिक दोन्हीकडचे ४.२४ मीटर मिळून कापडाची बाजू ३२.४९ मीटर होते. काठावरच्या चरात गाडण्यासाठी प्रत्येक बाजूला एक मीटर धरला तर ३४.४९ मीटर. एकूण कापड सुमारे १,१८९ चौरस मीटर. केवळ तोंडाच्या ९०० चौरस मीटरवर भाव काढणाऱ्याचे अंदाजपत्रक येथेच फसते.

बाष्पीभवनाचा हिशेबही क्षेत्रफळाचाच. भरलेल्या तळ्याची पातळी उन्हाने एक सेंटिमीटर उतरली तर ९,००० लिटर पाणी उडून जाते.

विहीर, छप्पर आणि सळई

गोल विहीर ही वृत्तचिती. पाय (३.१४), त्रिज्येचा वर्ग आणि पाण्याची खोली यांचा गुणाकार म्हणजे पाण्याचे घनफळ. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ३.१४ × ९ × ४, म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार लिटर. व्यास दुप्पट केला तर पाणी चौपट होते. खोली दुप्पट केली तर मात्र दुप्पटच.

शहरी वाचकांसाठी छपराचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १० × ८ मीटरच्या गच्चीवर ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४८ हजार लिटर. त्यातील ८० टक्के अडवता आले तरी ३८ हजार लिटरहून अधिक पाणी जमिनीत मुरवता येईल.

जालन्याची दुसरी ओळख पोलादाची. येथील कारखान्यांत तयार होणाऱ्या बांधकामाच्या सळया म्हणजेही लांबट वृत्तचितीच. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागले की एक मीटर सळईचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. यामागे कोणतीही जादू नाही. वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि पोलादाची घनता (घनमीटरला ७,८५० किलोग्रॅम) यांचाच तो संक्षेप आहे. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई सुमारे १०.६७ किलोची भरते. तिचा व्यास प्रत्यक्षात ११ मिलिमीटर असेल तर वजन ८.९६ किलोवर येते. व्यासातील एक मिलिमीटरची घट म्हणजे पोलादात १६ टक्क्यांची घट, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते.

जवळ ठेवावीत अशी सूत्रे

- आयत : परिमिती २ × (लांबी + रुंदी), क्षेत्रफळ लांबी × रुंदी
- त्रिकोण : क्षेत्रफळ पाया × उंची ÷ २
- समलंब चौकोन : क्षेत्रफळ समांतर बाजूंची बेरीज × उंची ÷ २
- वर्तुळ : परीघ २ × पाय × त्रिज्या, क्षेत्रफळ पाय × त्रिज्येचा वर्ग
- इष्टिकाचिती : घनफळ लांबी × रुंदी × उंची
- वृत्तचिती : वक्रपृष्ठफळ २ × पाय × त्रिज्या × उंची, घनफळ पाय × त्रिज्येचा वर्ग × उंची
- शंकू (धान्याची रास) : घनफळ वृत्तचितीच्या एकतृतीयांश
- गोल : पृष्ठफळ ४ × पाय × त्रिज्येचा वर्ग, घनफळ ४ × पाय × त्रिज्येचा घन ÷ ३

मोजणीपूर्वी सर्व मापे एकाच एककात आणावीत. फूट आणि मीटर यांची सरमिसळ झाली की अचूक सूत्रही चुकीचे उत्तर देते. खोदकाम पूर्ण झाल्यावर तोंड, तळ आणि खोली फीत लावून स्वतः मोजावी आणि मगच बिल चुकते करावे. त्यासाठी लागणारे गणित सातवी-आठवीच्या मुलालाही करता येण्याजोगे आहे; घरातील विद्यार्थ्याला सोबत घेतल्यास त्याचाही धडा पक्का होईल.