मज्जारोपणाचा इतिहास

रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा आणि शुक्र असे सात धातु आयुर्वेदांत क्रमानें सांगितले आहेत. या क्रमांत रक्त दुसरें आणि मज्जा सहावी. रक्तापासून मांस, मांसापासून मेद, अशा पायऱ्या चढत शेवटीं हाडाच्या पोकळींतील मज्जा सिद्ध होते, असा पूर्वाचार्यांचा सिद्धान्त होता. युरोपांतहि मज्जा म्हणजे हाडाचें अन्न, असेंच वैद्य कित्येक शतकें मानीत आले. रक्त कोठें तयार होतें या प्रश्नाचें खरें उत्तर इ. स. १८६८ सालीं मिळालें. कोनिग्जबर्ग येथील अर्न्स्ट नॉयमन आणि इटलींतील ज्यूलिओ बिझ्झोझेरो या दोघां संशोधकांनीं त्या वर्षीं, परस्परांपासून स्वतंत्रपणें, असें दाखवून दिलें कीं, रक्तांतील तांबड्या पेशींचा जन्म हाडांच्या मज्जेंत होतो. जुना क्रम उलटा ठरला. मज्जा ही आई व रक्त हें तिचें लेकरूं.

या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग व्हावयास पुढें जवळजवळ शंभर वर्षें जावीं लागलीं. आणि त्या मार्गाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें तें एका भयंकर घटनेनें. ता. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर आणि ता. ९ रोजीं नागासाकीवर अणुबाँब पडले. स्फोट व आग यांतून जे वांचले, त्यांपैकीं अनेकांना कांहीं आठवड्यांच्या आंत विलक्षण आजार जडला. केस गळूं लागले, हिरड्यांतून रक्त वाहूं लागलें, अंगावर जांभळे डाग उठले, आणि साध्या तापानेंहि माणसें दगावूं लागलीं. किरणांनीं त्यांची मज्जा उजाड करून टाकली होती. मज्जा गेली कीं रक्ताचा झराच आटतो, हें त्या दुर्दैवी लोकांच्या मरणानें जगाला शिकविलें.

मग शास्त्रज्ञ उंदरांकडे वळले. इ. स. १९४९ मध्यें शिकागो येथील लिऑन जेकबसन यांनीं उंदराची पाणथरी शिशानें झांकून त्याच्या सर्वांगावर प्राणघातक प्रमाणांत क्ष-किरण सोडले. इतर उंदीर मेले. ज्यांची पाणथरी झांकलेली होती ते बहुतांशीं जगले. उंदराच्या पाणथरींतहि रक्त तयार होत असतें, हें याचें कारण. दोन वर्षांनीं एगॉन लॉरेन्झ व त्यांचे सहकारी यांनीं किरण सोसलेल्या प्राण्यांच्या अंगांत दुसऱ्याची मज्जा टोचली, आणि तेहि वांचले. हा गुण मज्जेंतील एखाद्या रसाचा कीं प्रत्यक्ष पेशींचा, असा वाद कांहीं काळ चालला. इ. स. १९५६ मध्यें इंग्लंडांतील हारवेल येथील संशोधकांनीं तो मिटविला. वांचलेल्या उंदरांच्या मज्जेंत त्यांना दात्याच्याच पेशी वाढत असलेल्या दिसल्या. परक्याची मज्जा नव्या देहांत रुजते, हें सिद्ध झालें.

उंदरापासून माणसापर्यंतचें अंतर मात्र कल्पनेपेक्षां फार मोठें निघालें. अमेरिकेंतील कूपरस्टाउन या लहानशा गांवच्या रुग्णालयांत डॉ. डोनॉल थॉमस काम करीत होते. इ. स. १९५७ मध्यें त्यांनीं सहा रुग्णांना दुसऱ्यांची मज्जा शिरेवाटे दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकीं दोघांतच ती अल्पकाळ रुजली. आणि शंभर दिवसांच्या आंत सहाहि जण मरण पावले. दोन वर्षांनीं त्यांनीं रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना त्यांच्या एकरूप जुळ्या भावंडांची मज्जा दिली. ती रुजली व रक्त पूर्ववत् झालें. पण कांहीं महिन्यांत तो दुष्ट रोग पुन्हां उलटला.

याच सुमारास युरोपांत एक अपघात घडला. ऑक्टोबर १९५८ मध्यें बेलग्रेडजवळील व्हिन्चा येथील अणुभट्टींत सहा जणांना तीव्र किरणांची बाधा झाली. त्यांना पॅरिसला नेण्यांत आलें. तेथें डॉ. जॉर्ज माते यांनीं त्यांपैकीं पांच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. ज्यांची भाषाहि आपल्याला येत नाहीं, अशा परक्यांसाठीं त्या फ्रेंच नागरिकांनीं आपलीं हाडें टोंचून घेतलीं. पांचांतील एक दगावला, चौघे वांचले. ते दात्याच्या मज्जेनें वांचले कीं त्यांची स्वतःची मज्जा पुन्हां सावरली, याविषयीं पुढें मतभेद झाले. परंतु तो प्रसंग लोकांच्या मनांत आशेचा अंकुर ठेवून गेला.

तो अंकुर लवकरच करपूं लागला. इ. स. १९७० मध्यें तोंपर्यंतच्या मज्जारोपणांचा आढावा घेण्यांत आला, तेव्हां सुमारें दोनशें रुग्णांपैकीं जवळजवळ सर्वच मृत झाल्याचें दिसलें. याचें कारण मज्जेच्या स्वभावांतच आहे. परका अवयव देहांत आला तर देह त्याच्यावर तुटून पडतो, हें सर्वांस ठाऊक होतें. पण मज्जा ही देहाच्या शिपायांची जननी. ती परक्या घरीं रुजली म्हणजे तिच्यापासून उपजलेले शिपाई त्या घरालाच शत्रु समजतात, आणि कातडी, आंतडीं व यकृत यांवर हल्ला चढवितात. घरांत घेतलेल्या पाहुण्यानें घरधन्यालाच बाहेर काढावें, तसा हा प्रकार. अनेक वैद्यांनीं या कामास रामराम ठोकला. मरणाच्या दारांत असलेल्या माणसाला त्याच्या अखेरच्या दिवसांत हे क्लेश कां द्यावे, असा प्रश्न विचारला जाऊं लागला. आणि तो प्रश्न खोटा नव्हता.

थॉमस यांनीं हा प्रश्न टाळला नाहीं. परक्या मज्जेचे मानवी प्रयोग कांहीं वर्षें थांबवून ते कुत्र्यांवरील अभ्यासाकडे परतले. इ. स. १९६३ मध्यें ते सिॲटल येथें गेले. एकाच वेतांतील, जुळत्या ऊतींच्या कुत्र्यांत मज्जा नीट रुजते आणि मेथोट्रेक्सेट या औषधानें नव्या शिपायांना आवरतां येतें, असें तेथें दिसून आलें. इतरत्रहि पाया घातला जात होता. पॅरिसचे जाँ दोसे यांनीं इ. स. १९५८ मध्यें पांढऱ्या पेशींवरील एक ओळखचिन्ह शोधलें होतें. अशा चिन्हांचा अर्धा संच मूल पित्याकडून व अर्धा मातेकडून घेतें. म्हणून सख्ख्या भावंडाशीं सर्व चिन्हें जुळण्याचा संभव चारांत एक असतो. इ. स. १९६१ मध्यें टोरोन्टो येथील जेम्स टिल व अर्नेस्ट मॅकलक यांनीं, मज्जा टोचलेल्या उंदरांच्या पाणथरीवर उठणाऱ्या लहान लहान गांठींचें वर्णन केलें. पुढें अशी प्रत्येक गांठ एकाच पेशीपासून वाढते असें ठरलें. जिच्यापासून नाना प्रकारच्या रक्तपेशी निपजतात, ती ही मूलपेशी.

या सर्व तपश्चर्येचें पहिलें टिकाऊ फळ इ. स. १९६८ मध्यें दिसलें. मिनिआपोलिस येथें डॉ. रॉबर्ट गुड यांनीं, रोगाशीं झगडण्याची शक्ति जन्मतःच नसलेल्या एका बालकाला त्याच्या बहिणीची मज्जा दिली, आणि तें मूल जगलें, वाढलें. पुढच्याच वर्षीं सिॲटल येथें पुन्हां रोपणें सुरू झालीं. इ. स. १९७७ मध्यें थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, इतर उपाय हरलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांपैकीं तेरा जण एक ते साडेचार वर्षांनंतरहि रोगमुक्त होते. शंभरांतून तेरा हा आंकडा लहान वाटेल. पण ज्यांना वैद्यांनीं हात टेकून सोडलें होतें, त्यांतून हे तेरा परत आले होते. रोग बळावण्यापूर्वींच रोपण केल्यास यश वाढतें, हेंहि लवकरच कळून आलें. इ. स. १९९० चें नोबेल पारितोषिक थॉमस यांना मूत्रपिंडाचें रोपण करणाऱ्या जोसेफ मरे यांच्यासमवेत मिळालें. त्यांच्या पत्नी डॉटी थॉमस आयुष्यभर याच कामांत त्यांच्याबरोबर राबल्या.

पण ज्याला जुळतें भावंड नाहीं त्यानें काय करावें? लंडन येथील शर्ली नोलन या मातेनें आपल्या आजारी मुलासाठीं इ. स. १९७४ मध्यें अनोळखी दात्यांची नोंदवही उघडली. त्या मुलाला जुळता दाता मिळाला नाहीं, आणि इ. स. १९७९ मध्यें तो गेला. नोंदवही मात्र पुढें चालली व तिनें इतरांचीं मुलें वांचविलीं. इ. स. १९८८ मध्यें पॅरिस येथें डॉ. एलियान ग्लुकमन यांनीं एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेंतील रक्त देऊन तेंहि मज्जेचें काम करतें असें दाखविलें. आपल्याकडे नाळ पुरून टाकतात. तिच्यांत एवढें सामर्थ्य असेल हें कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हतें.

हिंदुस्थानांतील पहिलें मज्जारोपण इ. स. १९८३ मध्यें मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत झालें. इ. स. १९८६ मध्यें वेल्लोर येथें थॅलेसेमियाच्या रुग्णावर तें झालें. या रोगांत मुलाला जन्मभर दर कांहीं आठवड्यांनीं परक्याचें रक्त घ्यावें लागतें. मज्जा रुजली तर तें बंधन सुटतें.

अलीकडे दुसऱ्याची पेशी आणण्याऐवजीं रुग्णाचीच पेशी बाहेर काढून, तिला नवें शिक्षण देऊन परत पाठविण्याची विद्या निघाली आहे. रक्ताच्या कांहीं कर्करोगांवरील असा उपचार अमेरिकेंत इ. स. २०१७ मध्यें मान्य झाला. मुंबईची तंत्रविज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या परिश्रमांतून सिद्ध झालेल्या तशाच उपचारास भारतांत इ. स. २०२३ मध्यें मान्यता मिळाली, आणि त्याची किंमत परदेशांतील किंमतीच्या मानानें पुष्कळच कमी ठेवण्यांत आली. त्याच वर्षीं ब्रिटन व अमेरिका यांनीं सिकलसेल रोगावर, पेशींतील आनुवंशिक लेखांत दुरुस्ती करणारा उपचार मान्य केला. हा रोग गडचिरोली व नंदुरबार येथील आदिवासी घराण्यांत फार दिसतो. पण अमेरिकेंत त्या उपचाराची किंमत एका रुग्णास बावीस लाख डॉलर ठरली. ज्यांना त्याची गरज सर्वांत अधिक, त्यांच्या दारापर्यंत तो पोंचावयाचा आहे.

या अगदीं नव्या उपचारांतहि जुनी वाट सुटलेली नाहीं. दुरुस्त केलेल्या पेशी देण्यापूर्वीं रुग्णाची मज्जा औषधांनीं रिकामी करावी लागते. मग त्या पेशी शिरेवाटे थेंबथेंब सोडतात. आणि नवें रक्त उगवण्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. कूपरस्टाउनच्या त्या सहा रुग्णांच्या उशाशीं वैद्यांनीं अशीच वाट पाहिली होती. ते सहा जण वांचले नाहींत. पण आज जे वांचतात, ते त्यांनींच पाडलेल्या वाटेनें येतात.