तीन पौंडांचा पंप

जुन्या पेट्रोल गाडीला नवा फ्युएल पंप घ्यायला गेलं की दुकानदार हमखास सगळ्यात जोरदार पंप पुढे करतो. "साहेब, इलेक्ट्रिक घ्या, प्रेशर बघा कसलं आहे!" आणि नेमकं तेच नको असतं. का नको, ते कळायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं.

हेन्री फोर्डच्या 1908 सालच्या मॉडेल टीला पंप नव्हताच. टाकी सीटखाली, कार्ब्युरेटर त्याहून खाली, पेट्रोल आपलं आपण उतरायचं. पेट्रोलचा मीटरभर उंच स्तंभ चौरस इंचाला जेमतेम एक पौंड दाब देतो, तेव्हा ही गाडी त्याहून कमी दाबावर धावत होती. खोट एवढीच, की टाकी अर्धी रिकामी असताना उभा चढ आला की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जायचा आणि इंजिन उपाशी! मग लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. (कसारा घाट रिव्हर्समध्ये. करा कल्पना.)

1932 साली फोर्डचं व्ही-एट आलं. टाकी मागे गेली, त्यामुळे पंप लागला. कॅमशाफ्टवर हलणारा एक दांडा पंपाचा पडदा ओढतो, पेट्रोल आत येतं, मग स्प्रिंग ते पुढे ढकलते. मेकॅनिक लोक असल्या पंपाला अजून 'एसी पंप' म्हणतात. गारव्याशी संबंध नाही, एसी म्हणजे आल्बर्ट शॅम्पियन या मूळच्या फ्रेंच सायकलपटूची आद्याक्षरं.

गंमत या स्प्रिंगमध्ये आहे. ढकलण्याचा जोर इंजिनाचा नसून स्प्रिंगचा असतो. कार्ब्युरेटर भरला, फ्लोटची सुई बंद झाली, की पडदा तिथेच थांबतो आणि दांडा नुसता हलत राहतो. घेणारा 'पुरे' म्हणाला की देणारा थांबतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच 'बॅकप्रेशर' म्हणून मोठ्या तोऱ्यात शिकवतो :-)

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या पोरांनी हीच जुनी व्ही-एट स्वस्तात घेऊन, नको ते पत्रे उतरवून, वर दोन-दोन तीन-तीन कार्ब्युरेटर चढवले. झाली हॉट रॉड. त्यांचा लाडका स्ट्रॉमबर्ग 97 अडीच-तीन पौंडांवर खूश असतो. त्याहून फार जास्त दिलं तर सुई उचलली जाते आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. पुढची गोष्ट अग्निशमन दलाची.

आपल्याकडे हे खूळ रुजलं नाही. आपली तोडून-जोडून चालवायची गाडी म्हणजे जीप! विलिजच्या परवान्याने महिंद्रांनी बनवलेल्या सीजे-3बी मधलं 2199 सीसीचं हरिकेन इंजिनही साधारण तीन पौंडवालंच. पुढे बऱ्याच जीपांमध्ये डिझेल इंजिनं बसली. एकलहऱ्याला वीज केंद्राच्या बाजूला एका परिचितांनी मात्र पेट्रोलचीच जपली आहे. परवा त्यांच्या डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं, वर पेट्रोलचा वास. पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत होतं. असं पातळ ऑइल बेअरिंगं खातं, तेव्हा गाडी लगेच उभी केली हे उत्तम.

आता पर्याय. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवला तर तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही, म्हणजे मे महिन्यात घाटात पंपावर ओलं फडकं टाकून बसणं वाचतं. हा फायदा खराच आहे. पण इंजेक्शनच्या गाडीचा चाळीस पौंडांचा पंप इथे आणायचा नाही. शिवाय जुना पंप इंजिन बंद पडलं की आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक पंप चावी चालू असेपर्यंत पेट्रोल ओततच राहतो, गाडी उलटली तरी. त्याला ऑइल प्रेशर गेल्यावर वीज तोडणारा स्विच हवाच, आणि वायरमन तो हमखास विसरतो. आणखी एक: विलिजच्या मूळ जोडपंपाचा अर्धा भाग वायपरसाठी व्हॅक्यूम पुरवायचा. तो काढला तर जुलैच्या पावसात, ऐन चढावर वायपर झोपतात. परिचितांच्या जीपला वायपर विजेचा आहे, ती एक काळजी मिटली.

म्हणून माझं मत जुन्याच पंपाला नवीन किट घालायचं. फक्त किट कुठलं, ते बघून. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग 2001 साली झाला तो आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला (आणि मिरज, बरेलीला). आता 20 टक्क्यांपर्यंत मजल गेली आहे. जुना रबरी पडदा त्या काळचा, त्याला हे पेट्रोल मानवत नाही, फुगतो नि तडकतो. त्यामुळे एरवी ज्याला लोक जास्त पैसे मोजतात तो 'जुना ओरिजिनल स्टॉक, सीलबंद' इथे चक्क टाळायचा. नवीन, इथेनॉल चालणारा पडदा मागा. बसवल्यावर पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये गेज लावून बघा. काटा तीनच्या आसपास हवा. पाच दिसले तर स्प्रिंग चुकीची आहे, गाडी बाहेर काढू नका.