हंड्याच्या तोंडावरचे फडके

शिरूर-दौंडकडच्या जुन्या घरांत पाणी भरताना हंड्याच्या तोंडावर दुपदरी धुवट फडके असायचेच. आता नळ दारात आला, तरी कित्येक ठिकाणी तोटीला फडक्याची पट्टी बांधलेली दिसते. विचारले तर नव्या सुना म्हणतात, कचरा येतो. म्हाताऱ्या मात्र नारूचे नाव घेतात.

नारूला औषध नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्याच्या पायाला नारूची जखम असली, की किड्याची पिल्ले पाण्यात सुटत. तिथल्या सूक्ष्म जलपिसवा ती गिळत आणि त्या जलपिसवा माणसाच्या पोटात जात. वर्षभर काही कळत नसे. मग पायाला फोड यायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा किडा निघू लागायचा. तो तुटू न देता काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, एवढाच इलाज. ऐन सुगीत घरातला करता माणूस अंथरुणाला खिळे.

देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा रोग असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बुजवा किंवा त्यांना कठडा बांधा, पाण्यात औषध टाका आणि घरी पाणी गाळून प्या, अशी ती मोहीम होती. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिले. लस नाही, गोळी नाही. या रोगाच्या उच्चाटनात स्वयंपाकघरातल्या फडक्याचा वाटा फार मोठा आहे. घरोघरी पाणी गाळणाऱ्या बायकांचे नाव कुठल्याही अहवालात नाही, ते असायला हवे होते.

फडक्याने जलपिसवा अडतात. पटकीचा जंतू मात्र त्यातून सहज जातो. तो जंतू रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात १८८४ मध्ये ओळखला, पण त्याआधी आणि नंतरही कित्येक वर्षे पंढरीची वारी आणि पटकी ही जोडी सरकारी कागदांत सतत एकत्र येत राहिली. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून यवत, वरवंड, पाटस अशी जाते. लाखभर माणसे एका रात्रीपुरती गावात उतरणार आणि त्यांची तहान गावच्याच पाण्यावर भागणार, ही त्या गावांची खरी परीक्षा. आज पालखीच्या आधी वाटेवरच्या विहिरींत टीसीएल ही जंतुनाशक पावडर पडते आणि पाण्याच्या टँकरचीही तपासणी होते.

यवतचा पाहुणचार मात्र कुणा अधिकाऱ्याने आखलेला नाही. तिथे वारकऱ्यांना पिठले-भाकरी असते. घराघरांतून भाकरी येतात आणि पिठले मोठ्या कढयांत रटरटते. आरोग्याच्या नजरेने पाहिले तर या बेतात दूध नाही, खवा नाही, रात्रभर भिजत ठेवलेले काही नाही. पिठले उकळते असताना पानात पडते, भाकरी तव्यावर भाजून कोरडी होते. हजारोंच्या पंगतीला याहून निर्धोक जेवण सुचवणे कठीण आहे.

पण स्वच्छतेची अशी सवय टिकते कशाने? या प्रश्नाला शिरूर तालुक्यातल्याच पाबळ गावाने उत्तर शोधले. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतले काम, मग हिंदुस्थान लिव्हरची संशोधन शाखा. एवढे सगळे मागे ठेवून ते १९८३ मध्ये पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने करत शिकायचे, हे त्यांचे सूत्र. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी तिथे तयार झालेल्या अभ्यासक्रमात वेल्डिंग, शेती आणि वीजजोडणीच्या बरोबरीने ‘गृह आणि आरोग्य’ हा विभाग आहे. त्यात मुले पदार्थ करतात, टिकवतात, पाणी तपासतात, रक्तातले हिमोग्लोबिनही मोजतात. कलबाग २००३ मध्ये गेले. त्यांचे मोठेपण हे, की स्वयंपाकघर त्यांनी प्रयोगशाळेइतके गंभीरपणे घेतले. ‘हात धू’ असे शंभरदा ऐकलेल्या मुलीपेक्षा, घरच्या पाण्याची बाटली काळी पडलेली जिने स्वतः पाहिली, ती मुलगी हंडा झाकल्याशिवाय राहणार नाही.

ती बाटली म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची चाचणी. खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस उबेला ठेवायचे. काळे झाले तर पाण्यात मैला मिसळला असण्याची दाट शक्यता. २०१९ मध्ये आलेल्या जलजीवन मिशनने असे तपासणी संच वापरायला गावोगावी पाच-पाच महिलांना शिकवायचे ठरवले.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत अशा तपासणीची निकड जास्त आहे. पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि खालच्या गावांच्या विहिरी त्याच काठावर आहेत. तिथे फडके पुरत नाही, उकळूनही रसायने जात नाहीत. वरच्या शहराने मैलापाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे, ही मागणी काठावरची गावे वर्षानुवर्षे करत आली आहेत. बाटल्या तपासणाऱ्या या बायकांच्या वहीतल्या नोंदी आता त्या मागणीला जोडता येतात.