ओट्याची उंची : पुण्याच्या स्वयंपाकघरात बाई उभी कधी राहिली?

स्वारगेटला कार्यक्रम आणि सभागृह वेळेवर भरलेलं, म्हणजे बरीच मंडळी मेट्रोनं आलेली दिसतात. (हशा) मघाशी दारातच एका ताईंनी विचारलं, "मॉड्युलर किचनचं प्रदर्शन आहे का हो?" प्रदर्शन नाही. पण कुणी घरात स्वयंपाकघराचं काम काढलं असेल, तर त्यांच्या कामाचंही काही निघेल.

मला आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, आणि ती म्हणजे ओटा. स्वयंपाकघर म्हटलं की ओटा असणारच, असं आपण धरून चालतो. पण तुमच्यातल्या ज्यांची सत्तरी उलटली आहे, त्यांनी जरा आठवून बघा. तुमची आजी उभ्यानं पोळ्या लाटायची का?

नाही लाटायची. ती बसायची. याचा पुरावा बघायचा असेल तर इथून बाजीराव रस्त्याला लागा, वीसेक मिनिटांत राजा दिनकर केळकर संग्रहालय येतं. तिथली स्वयंपाकघरातली भांडी आणि अवजारं बघा. आपण नक्षी बघतो आणि पुढं जातो. मी म्हणते, अवजार बघताना ते वापरणारीचं शरीर कुठं होतं ते बघा. विळीच्या पाटावर पाय किंवा गुडघा दाबून धरल्याशिवाय विळी चालत नाही. खवणीचं तेच. पाट्यावर वरवंटा ओढायचा तर दोन्ही खांद्यांचा भार खाली यावा लागतो. जात्याचं तर सांगायलाच नको. हे सगळं घर जमिनीवर बसलेल्या बाईच्या मापानं बांधलेलं होतं.

पेठांमधल्या वाड्यात स्वयंपाकघर मागच्या बाजूला. पुढं माजघर, शेजारी देवघर, चुलीला लागून वैल, भिंतीत फडताळ, वर शिंकाळं. मागच्या बाजूला का? धूर हे एक कारण. दुसरं कारण सोवळं. पुढच्या दारानं आलेला माणूस कुठल्या उंबऱ्यापर्यंत येऊ शकतो, हे त्याच्या जातीवर ठरायचं, आणि चूल त्या सगळ्या उंबऱ्यांच्या पलीकडं होती. तिथं राबणारी बाई बरेचदा घरातली विधवा आत्या किंवा काकू असायची. वाड्याचं कौतुक आपण फार करतो, मीही करते; पण त्या खोलीत उजेड म्हणजे कौलात बसवलेली एक काच, हेही लक्षात ठेवू. पाणी बाहेर, चौकात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळानं पाणी शहरात आलं, हौदांत पडलं. हौदापासून चुलीपर्यंत ते बाईच्या कमरेवरूनच आलं.

भाडेकरूंच्या बिऱ्हाडात तर स्वयंपाकघर असं वेगळं नव्हतंच. दोन खोल्या, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात मोरी, भिंतीला मांडणी, पाण्याचं पिंप, शेगडी नाहीतर स्टो. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मालकांनी डागडुजी सोडली, आणि वाडे हळूहळू खचत गेले.

मग आला १२ जुलै १९६१. आधी पानशेत फुटलं आणि मग खडकवासला. नदीकाठच्या पेठांतली हजारो कुटुंबं एका दिवसात बेघर झाली. पानशेतबद्दल आपण पाण्याची पातळी सांगतो, कुठल्या भिंतीवर खूण आहे ते सांगतो. मला वाटतं, पुण्याच्या स्वयंपाकघराच्या इतिहासातलाही तो सगळ्यात मोठा दिवस आहे. पूरग्रस्तांसाठी आधी अर्ध्या पिंपासारखे निसन हट आले, मग वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर आणि इथून जवळचं सहकारनगर, नावातच सहकार असलेलं. शंभर-दीडशे वर्षांत हळूहळू बदललं असतं ते घर दहा वर्षांत बदललं. सोसायटीच्या नकाशात 'किचन' नावाची एक खोली आली. तिच्यात नळ आला आणि नळाशेजारी, भिंतीला चिकटून, कडप्प्याचा ओटा.

आमची आजी नारायण पेठेतून आलेली. नव्या घरात तिला ओटा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हे काय, दुकानाचं फळकूट?" पहिले काही महिने तिनं ओट्यावर डबे ठेवले आणि स्टो खाली फरशीवर. मग आईनं स्टो वर नेला. तर आजी स्टुलावरून चढून ओट्यावरच मांडी घालून बसली आणि पोळ्या लाटायला लागली! (हशा) हसू नका, तिचं काही चुकत नव्हतं. पन्नास वर्षं तिचे खांदे वरून दाब द्यायला शिकले होते.

इथं थोडं बाहेर जाऊन येऊ. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफर्ट शहरानं कामगारांसाठी घरं बांधायला घेतली. त्यांच्या स्वयंपाकघराचा आराखडा मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी केला. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.९ मीटर, म्हणजे आगगाडीच्या स्वयंपाकाच्या डब्यासारखं. बाईची पावलं मोजून त्यांनी कपाटं लावली. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसली, आणि आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो त्याची ती पणजी. पण त्या आराखड्यात खिडकीसमोर कामाची फळी होती आणि तिच्यापुढं एक फिरतं स्टूल. श्युटे-लिहोत्स्कींनी बाईला काही वेळ तरी बसवलं. आपण ओटा घेतला, कपाटं घेतली, आणि स्टूल तेवढं विसरलो.

पुढची वीस वर्षं भराभर सांगते, कारण ती तुम्हाला माहीत आहेत. प्रेशर कुकर आला, मिक्सर आला, गॅस आला. गॅसला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं, वाटी-चमच्याच्या मापानं लिहिलेलं. शेजारी सासू नाही, आत्या नाही, चार भिंतींत एकटी उभी असलेली बाई. तिला माप कुणीतरी सांगायला हवंच होतं. पाटा-वरवंटा गच्चीवर गेला. विळी टिकली, अजून टिकून आहे. तिच्यासाठी बायका पेपर पसरून खाली बसतात.

आता कामाचं. खोलीची मापं कागदावर सापडतात. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणं जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर, तिथंच जेवायचं असेल तर ७.५, आणि खिडकी किमान १ चौरस मीटरची, मोकळ्या जागेकडं उघडणारी. ओट्याची उंची मात्र आपल्याकडं मिस्त्रीच्या हातात. "ताई, बत्तीस धरू ना?" धरा. पण बत्तीस कुणासाठी? सरळ उभं राहून हात कोपरात वाकवा. कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा यावा. पोळी लाटायला थोडा आणखी खाली चालतो, कारण दाब द्यायचाय. आणि एक गोष्ट कॅटलॉगमध्ये दिसत नाही. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, तिच्यावर पातेलं. पाच फुटांच्या बाईला आमटी ढवळताना हात खांद्यापर्यंत न्यावा लागतो. जमलं तर शेगडीखालचा भाग तीन-चार इंच उतरवून घ्या. दिसायला तुटक दिसतो म्हणून डिझायनर नको म्हणतात. त्यांना एकदा पुरणपोळ्या करायला लावा.

सामान घ्यायला बहुतेक लोक इथूनच शंकरशेठ रस्त्यानं टिंबर मार्केटला जातात आणि आधी रंग निवडतात. आधी सिंकखालचा प्लाय निवडा, ७१० नंबरच्या मानकाचा. आमच्या पिढीच्या स्टीलच्या ट्रॉल्या खडखडायच्या खऱ्या, पण पाण्यानं फुगल्या नाहीत.

आणि आता जे बोलायचं म्हणून मी आले, ते. स्वयंपाक करणारी बाई १९६१ नंतर उभी राहिली. भांडी घासणारी बाई? ती खालीच राहिली. वाड्यात ती चौकात घासायची, बिऱ्हाडात मोरीत, आणि फ्लॅट आले तसं तिच्यासाठी पुण्याच्या बिल्डरांनी ड्राय बाल्कनी काढली. वीतभर उंचीचा नळ, निसरडी फरशी, उकिडवं बसून एका घराची भांडी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. जनता वसाहतीतून, पर्वती पायथ्यावरून सहकारनगर-मुकुंदनगरात कामाला येणाऱ्या बायकांना विचारा, गुडघे कधीपासून दुखतात. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काची सुट्टी या त्यांच्या मागण्या. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला त्यानंतर २८ वर्षं गेली, २००८. पण नळाची उंची कायद्यात कशी येणार? ती नकाशात यायला हवी होती, आणि नकाशा काढणाऱ्याला ती बाई दिसली नाही. मलाही दिसली नव्हती, हे कबूल करते. शोभिवंत स्वयंपाकघरांची पुस्तकं मी कितीतरी चाळली आहेत. एकाही फोटोत भांडी घासणारी बाई नाही.

चार वर्षांपूर्वी आमचं स्वयंपाकघर नवीन केलं. मिस्त्रीनं माझं कोपर मोजलं, मुलाचंही मोजलं, कारण तोही स्वयंपाक करतो. ड्राय बाल्कनीतला खालचा नळ काढून आम्ही उभ्याचं सिंक बसवलं आणि मी स्वतःवर फार खूश होते. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. सिंकपुढं उभ्या राहिल्या, हात आत घातला. त्या माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या. म्हणाल्या, "ताई, उभं राहायला बरं वाटतंय, पण पाणी कोपरावरून आत येतंय. मला इचारायचं तरी." मग माळ्यावरून आजीचा जेवायचा पाट काढला आणि सिंकपुढं ठेवला. अजून तिथंच आहे.

प्रश्न असतील तर विचारा.